नळाला कुलूप

३ ऑगस्ट

आत्या,

आधी बातमी देते, मग भांडते.

काल विभागात माझं वाचन झालं. आम्हा पीएच.डी.वाल्यांना दर सत्रात एकदा सगळ्या प्राध्यापकांपुढे उभं राहून आपलं काम वाचून दाखवावं लागतं. एरवी लोक मागच्या बाकावर डुलक्या काढतात. मी दुसरं प्रकरण काढलं, म्हणजे तुमचं इस्पितळाचं धुलाईघर. तू सांगितलेली नळाची गोष्ट आली आणि डुलक्या थांबल्या. मुकादमाने ऐन उन्हाळ्यात पिण्याच्या नळाला कुलूप घातलं, तुम्ही दिवसभर वाफेत घड्या घालत राहिलात, आणि शेवटी तू ओल्या चादरीचं टोक पिळून ओठांना लावलंस, इथवर मी वाचलं तेव्हा एका बाईंनी चष्मा काढून पुसला. माझे मार्गदर्शक सर माझ्या कुठल्याही पानावर लाल रेघ मारल्याशिवाय घरी जात नाहीत. ते म्हणाले, "हे तुमच्या प्रबंधाचं काळीज आहे." पुढच्या वर्षी विभागात एक कायमची जागा निघते आहे. तिच्यासाठी ते माझं नाव पुढे करणार, आणि नावाबरोबर हे प्रकरण.

आणि हसू नकोस, पण मला चहाच्या खोलीत खुर्ची मिळाली. इतकी वर्षं मी तिथे कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहत होते. कुणी ऊठ म्हणत नव्हतं, पण बस असंही कुणी म्हणत नव्हतं. काल दोघं जण सरकले. मी सामाजिक वर्गावर लिहिते, त्यामुळे मला कळतं की ती खुर्ची मला नाही, तुझ्या तहानेला मिळाली. तरी बसले. बरं वाटलं, काय करू.

आता भांडण. एवढं सोसलंस ते माझं आवाज टिपायचं यंत्र सुरू झाल्यावर सांगितलंस, आणि आजवर मला एका शब्दाने बोलली नाहीस? शाळा सुटली की मी तुझ्या घडीच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायचे, तेव्हा हाच मुकादम मला खडू आणून द्यायचा. असला माणूस नळाला कुलूप घालतो? मी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना तक्रार लिहून ठेवली आहे. सोमवारी टाकते. मला अडवायचं नाही.

तुझी
मास्तरीण


६ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

तक्रार टाकली असशील तर पेटीत हात घाल आणि बाहेर काढ. फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि ऐकत नाहीस, म्हणून लिहिते आहे. कागदासमोर तरी गप्प बसावं लागेल तुला.

अगं, कसलं कुलूप आणि कसलं काय. आमच्या नळाला धड तोटी नाही, त्याला कुलूप कुठे घालतील? तो उघडाच वाहतो, वर्षानुवर्षं. मुकादम बिचारा आमच्या शिडीला बघून भिंतीला चिकटून चालतो, तो आमचं पाणी तोडणार. (शिडी म्हणजे ती उंच, पिळणीच्या यंत्रावरची. तुझ्या प्रकरणात तिचं काय नाव ठेवलंस देव जाणे.)

तू यायच्या आदल्या दिवशी आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून ठरवलं. शिडी म्हणाली, विद्यापीठात दुःखाला मार्क असतात. तिच्या शेजारच्या मुलाने निबंधात आई मारली आणि पहिला आला. आई चांगली धडधाकट आहे, बाजारात भेटते. मग म्हटलं, आपली पोर मागे का राहावी? वाटून घेतलं. शिडीने पायावर उकळतं पाणी सांडल्याचं घेतलं. मी नळ घेतला. इस्त्रीवालीला काही केल्या रडू येईना, सारखी हसायची, म्हणून तिला नुसतं खाली बघून गप्प बसायचं काम दिलं. तू फोनवर म्हणालीस, तिचं मौन फार बोलकं होतं असं लिहिलंस. सांगितलं मी त्यांना. इस्त्रीवाली अजून हसते आहे.

पण मला एक सांग. ते चादरीचं पाणी म्हणजे सोड्याचं पाणी. तोंडाला लावलं तर जीभ सोलून निघेल. तू त्याच टेबलाखाली वाढलीस, तुला कशी शंका आली नाही? माझ्या मनात होतं, पोर हसेल आणि म्हणेल, आत्या, पुरे कर. तू तर मान हलवत लिहूनच घेतलंस.

ते असो. मार्क मिळाले ना? जागा मिळाली की कळव. आम्ही कमी रडलो नाही.

आत्या


९ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि दर वेळी जास्त राग आला.

तुम्ही काय केलंत ते कळतंय का तुला? हा शाळेतला निबंध नाही. माझी सगळी तरुण वर्षं यात गेली आहेत. "या बायका असं म्हणाल्या" असं मी लिहिते, तेव्हा त्या वाक्याखाली माझी सही असते. सरांनी ते प्रकरण एका पुस्तकासाठी पाठवूनही दिलं आहे, त्यांचं नाव आधी आणि माझं मागे. म्हणजे आता एक निरपराध मुकादम छापून येणार, आणि त्याला छापणारी मी. त्याने मला खडू दिले होते गं.

आणि "आपली पोर मागे का राहावी" म्हणून? मला पुढे न्यायला तुमच्या रडण्याचा टेकू लागतो असं वाटलं तुम्हाला? मी इथवर माझ्या डोक्याच्या जोरावर आले. इथे कुणी मला फुकट पान वाढलेलं नाही. तुम्ही मात्र हसत हसत मला तोंडघशी पाडलंत, आणि वर विचारतेस, मार्क मिळाले का.

इस्त्रीवालीला सांग, पुरे झालं हसणं.

मी


१३ ऑगस्ट

शहाणे,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

तुझा प्रश्नांचा कागद माझ्याजवळ आहे. तूच विसरून गेली होतीस. त्यावर पहिला प्रश्न बघ: "तुमचा अपमान झाला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" झाला का, असं नाही. झाला तेव्हा. ताट तूच वाढून ठेवलंस, आम्ही जेवलो. आम्ही कशाला हसतो, कुणाशी भांडतो, सकाळी यावंसं वाटतं की नाही, हे विचारलंस? एकीलाही नाही. आणि बोलत होतीस कशी, तर "आपण सावकाश सांगा." आपण. माझ्या मांडीवर नाक पुसलेली पोर मला आपण म्हणते, मग मी पण तुला पाहुण्यासारखं वाढलं. पाहुण्याला घरातलं उष्टं-खरकटं कोणी दाखवतं का?

आणि त्या दिवशी तू आम्हाला सगळ्यांना एका बाकावर बसवलंस. घडीवाल्या आणि मळकंवाल्या, एकाच बाकावर. रुग्णांकडचे घाणीचे, रक्ताचे कपडे निवडतात त्या मळकंवाल्या. आम्ही जेवताना त्यांच्या शेजारी बसत नाही. त्यांचं बाक दाराशी, आमचं खिडकीशी. तू लहान होतीस तेव्हाही असंच होतं, तू आमच्या बाकावर बसायचीस. डोळे होते ना तुला? पण तू आलीस ते ठरवूनच, की वर साहेब वाईट आणि खाली आम्ही बिचाऱ्या.

मी बिचारी नाही. लक्षात ठेव आणि हवं तर ते लिही. मुकादमाची ती गोष्ट काढून टाक, नाहीतर मी स्वतः येऊन तुझ्या सरांना सांगेन. मी काही कुणाच्या घरचं खात नाही.

आत्या


५ ऑक्टोबर

आत्या,

दोन महिने लिहिलं नाही. राग होता, नंतर लाज होती, नंतर काम होतं.

तू म्हणालीस हवं तर लिही. मी लिहिलं. जुनं दुसरं प्रकरण काढलं आणि नवं घातलं. नळाची गोष्ट त्यात आहे, पण आता पूर्ण आहे: ती जेवणाच्या सुट्टीत कशी रचली, कोणी काय वाटून घेतलं, आणि मी माझ्या घरात पाहुणी होऊन मान हलवत ती कशी लिहून घेतली. विभागाने ती कशी ऐकली तेही आहे. चष्मा पुसणं आहे, खुर्ची आहे. इस्त्रीवालीचं मौन आहे, खऱ्या कारणासकट. आणि दोन बाकं आहेत. हे तुला आधीच सांगते, ताकाला जाऊन भांडं का लपवू. घडीवाल्या मळकंवाल्यांजवळ बसत नाहीत हे मी लिहिलं आहे, आणि माझी आत्या घडीवाली आहे हेही. तुला राग येणार. येऊ दे. तुला बिचारी म्हणायचं नाही म्हटलंस ना, मग हे सोसावं लागेल.

सरांना दाखवलं. त्यांनी पहिल्यांदाच लाल पेन उचललं नाही.

"हे बाकाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आत्याने."

"आणि नळाचं?"

"आत्यानेच."

"मग तिचं कुठलं खरं धरायचं?"

मी म्हटलं, "तुमच्यासाठी ती एक बोलते, आणि माझ्यावर चिडली की दुसरं. मी दोन्ही लिहिते."

मग त्यांनी मला समजावलं, अगदी प्रेमाने. म्हणाले, गरीब माणूसच दुसऱ्या गरिबाला दाराशी बसवतो असं छापलंत तर लोक टाळ्या पिटतील, आणि ते तुमच्या बाजूचे लोक नसतील. एवढं बोलले ते खरं होतं, मी कबूल करते. पण पुढे म्हणाले, जुनं प्रकरण राहू द्या. आपण कुठे गावाचं नाव घालतो की माणसाचं? एका नळाने कुणाचं काय बिघडतं?

"मुकादमाचं बिघडतं," मी म्हटलं. "आणि माझ्या आत्याचं. ती तहानेने कासावीस झालेली बाई नाही. ती नाटकी आहे."

त्यांनी प्रकरण बाजूला सरकवलं. म्हणाले, एक तर जुनं ठेवा, नाहीतर मी सही करणार नाही. सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि प्रबंधाशिवाय त्या कायमच्या जागेकडे बघायचंही नाही. मी विभागाकडे अर्ज केला की दोन्ही प्रकरणं वाचा आणि ठरवा. आता समिती नेमली आहे: सर, त्या चष्मेवाल्या बाई, आणि एक म्हातारे प्राध्यापक. ते तुमच्याकडे येऊन शहानिशा करणार. कधी ते मला सांगत नाहीत, आणि मला तुमच्याशी त्याबद्दल बोलायची बंदी आहे. म्हणजे हे पत्रही गुन्हा आहे. असू दे.

काय सांगायचं ते मी तुला शिकवणार नाही. तुम्हाला हवं ते सांगा. पुन्हा रडायचं तर रडा. मी जे लिहिलं त्याच्या मागे मी उभी राहीन.

खुर्ची गेली, अर्थात. मी पुन्हा खिडकीशी असते. तिथे वारा चांगला येतो.

मास्तरीण


११ डिसेंबर

मास्तरीणबाई,

आली होती तुझी समिती.

मुकादमाला वाटलं त्याला धरायला आले. ठेवणीतला शर्ट घालून दारात उभा, कपाळावर घाम. तुझे सर आधी नळाकडे गेले. नळ आपला वाहतोय. त्यांनी तोटी शोधायला हात घातला, बाही कोपरापर्यंत भिजली. शिडीने त्यांना हात पुसायला अभ्रा दिला, धुतलेला, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिला केवढं जड गेलं असेल ते मला माहीत.

मग त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "आजी, इथे नसेल. पण असं कुठेतरी होतच असेल."

माझ्याच वयाचा माणूस, आजी म्हणतो. मी म्हटलं, "होत असेल. मग तिथं जा."

बाकी दोघांनी ऐकलं. म्हातारबुवा खोकले. तुझे सर घड्याळ बघत राहिले.

मग त्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, जेवताना कोण कुठे बसतं? आता खरी पंचाईत. आम्ही मूग गिळून गप्प. कोणीही ठरवून नव्हे, अगं, आपोआपच. आम्हाला वाटलं होतं नळावर भागेल. तेवढ्यात मळकंवाल्यांतली ती धाकटी, जी कधी मान वर करत नाही, ती दाराशी उभी राहून म्हणाली, "या आमच्याजवळ बसत नाहीत. मुलीने बरोबर लिहिलंय. आमच्यातलं तेवढंच बरोबर लिहिलंय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. भाची माझी ना. मला त्या पोरीचा राग आला, तुझा तर दुप्पट. ओठांवर आलं होतं की ती खोटं बोलते. मी किती चांगलं खोटं बोलते ते त्या तिघांना माहीतच होतं, विश्वासही बसला असता.

मी म्हटलं, "हो. बसत नाही."

बाईंनी लिहून घेतलं आणि ते गेले. शिडी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता पुढे शेजारी बसणार का, हे मला विचारू नकोस. अजून ठरलेलं नाही. एकदा बाक सरकवायला गेले तर ती धाकटीच म्हणाली, राहू द्या, आम्हाला दाराशी हवा लागते. जशास तसं मिळालं मला.

पुढच्या रविवारी ये. आमची सुट्टी नसते, इस्पितळ रविवारीही चादरी मळवतं. यंत्र आणू नकोस आणि तो कागदही नको. टेबलाशी माझ्यासमोर उभी राहा. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, दुसरं टोक धरायला माणूस लागतं. तुझ्याशी बोलायचं आहे. तू विचारलं नव्हतंस म्हणून सांगितलं नव्हतं असं एक आहे.

आत्या


२० मार्च

आत्या,

काल तोंडी परीक्षा झाली. तुला सगळं हवं असतं म्हणून सगळं सांगते.

समितीने माझं नवं प्रकरण राहू दिलं हे तुला ठाऊकच आहे. सरांनी मार्गदर्शक म्हणून आपलं नाव काढून घेतलं आणि चष्मेवाल्या बाईंनी सही केली. पुस्तकातून नळ गेला, मुकादम सुटला. कायमची जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. चांगला आहे, त्याचे वडील इथेच शिकवायचे. मला वाईट वाटलं का? वाटलं. एक रात्रभर उशी बडवली. सकाळी उठून प्रबंध बांधायला दिला.

काल लांबलचक टेबलामागे पाच जण होते. सर कोपऱ्यात होते, विभागाचे म्हणून त्यांना बसता येतं. बाहेरून आलेले परीक्षक बारीक चणीचे, आवाज हळू, प्रत्येक पानाला चिठ्ठी लावलेली. त्यांनी नीट वाचलं होतं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

पहिला प्रश्न मला ठाऊक होताच. ज्या बायका एकदा खोटं बोलल्या, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

मी म्हटलं, "त्या खोटं बोलल्या ते आपल्याशी. आपल्याला काय आवडतं हे त्यांना बरोबर माहीत होतं. त्यांना ते कसं कळलं, तोच माझा प्रबंध आहे."

ते मान हलवत राहिले. हो म्हणायची मान नव्हती, ऐकायची होती. मग बाकांवर खूप वेळ गेला. तू घडीवाली, मी टेबलाखालची, आता विद्यापीठातली, मग मी स्वतःला कुठल्या बाकावर मोजते? मी म्हटलं, मोजत नाही, पण दोन्हीकडचे लोक मला बघून सरकतात की नाही, ते बघत असते. एकजण हसले. मला वाटलं, निभावलं.

तेव्हा परीक्षकांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या.

"नळाची गोष्ट खोटी, ठीक. म्हणजे अपमान झालाच नाही असं तुमचं म्हणणं आहे का?"

"नाही."

"मग झालाय?"

"झालाय. तिने मला सांगितला."

"प्रबंधात कुठे आहे?"

"नाही."

खोलीत सगळे सरळ बसले. कोपऱ्यातले सरही पुढे वाकले, मी तिरक्या नजरेने पाहिलं.

"का नाही?"

"ती माझ्याशी आत्या म्हणून बोलली. तिच्या हातात चादरीचं एक टोक होतं आणि माझ्या हातात दुसरं. मी तेव्हा कुणाचीही विद्यार्थिनी नव्हते."

"आता सांगा. या खोलीबाहेर जाणार नाही."

किती सभ्यपणे म्हणाले. खरं सांगते आत्या, जिभेवर आलं होतं. तू त्या रविवारी सांगितलंस ते एका वाक्यात मावतं, आणि ते वाक्य मी बोलले असते तर त्या पाचही जणांना चष्मे पुसावे लागले असते. कदाचित ती जागासुद्धा परत फिरली असती. ते खरं आहे, रचलेलं नाही, आणि त्यापुढे तुझा नळ म्हणजे पोरखेळ.

मी म्हटलं, "नाही."

"तुमच्या लक्षात येतंय ना, की अर्धवट माहितीवर पदवी अडू शकते?"

"अडू द्या," मी म्हटलं. "तिला बिचारी बघायचं असेल तर तुम्हाला नळावरच भागवावं लागेल. दुसरं मी देणार नाही."

मला बाहेर बसवलं. पट्टेवाल्याने पाणी दिलं, मी ते घटाघटा प्यायले. आतून आवाज येत होते, चढे आवाज, त्यात चष्मेवाल्या बाईंचा सगळ्यात चढा.

पदवी दिली. पण अहवालात शेवटी एक वाक्य घातलं आहे: "उमेदवाराने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून राखून ठेवली आहे." बाई म्हणाल्या, हे पुढे प्रत्येक नोकरीला आडवं येईल, अर्ज करून काढून घे, मी मदत करते.

मी अर्ज करणार नाही. ते वाक्य खरं आहे.

तुझी
मास्तरीण